ऑर्केस्ट्रात वादक कमी आहेत? आधी हे तपासा

शाळेच्या किंवा हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोला, ओबो, हॉर्न वाजवणारे हमखास कमी पडतात. त्यामुळे सोपी केलेली सिंफनी घेण्याआधी कंडक्टरचा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली वही, चाळा.

१. 'तिसरे व्हायोलिन' आहे का पाहा. बहुधा तो व्हायोलाचाच भाग असतो, ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे व्हायोलिनवादक वाचतात त्या लिपीत, लिहिलेला.

२. बारीक ठशातले 'क्यू', म्हणजे एका वाद्याच्या पानावर छापलेल्या दुसऱ्या वाद्याच्या ओळी, शोधा. ओबोची एकट्याची ओळ क्लॅरिनेटच्या पानावर सापडली, की काम झालं.

३. हॉर्न नसेल तर ऑल्टो सॅक्सोफोन चालतो. एफ हॉर्नच्या (एफ सुरातल्या हॉर्नच्या) पानावरचा प्रत्येक स्वर एक पूर्ण टोन वर लिहा: सीचा डी, ईचा एफ शार्प. आवाज जरा उघडा येतो, त्यामुळे सॅक्सोफोनवाल्याला दबूनच वाजवायला सांगा.

मूळ वादक हजर असेल त्या दिवशी मात्र क्यू वाजवू नका.