अचानक मिळालेल्या सुट्टीत एकट्याने लोहगड: पुण्याहून लोकलने, हिवाळ्यात

आठवड्याच्या मधेच अचानक सुट्टी मिळाली की बहुतेक जण आधी मित्रांना फोन लावतात. कुणीच मोकळं नसतं, फोनाफोनीत दहा वाजतात आणि दिवस घरातच जातो. तुम्ही पुण्यात असाल आणि डिसेंबर-जानेवारीतला कामाचा वार असेल, तर कुणालाही न विचारता लोहगडाला निघा. रविवारी इथे जत्रा असते. मंगळवारी-बुधवारी गड जवळजवळ रिकामा मिळतो, आणि त्यासाठी एकटं जाणंच बरं.

अशा दिवसासाठी लोहगड आणि शेजारचा विसापूर हे गड, भाजे आणि कार्ले ही लेणी आणि वर पवना धरण असं कोंबून भरलेलं वेळापत्रक लोक सर्रास सांगतात. त्यांच्याकडे गाडी असते, किंवा ते स्वतः चाललेलेच नसतात. पायी जाणाऱ्यासाठी एक गड आणि एक लेणं एवढाच हिवाळ्याचा दिवस असतो.

सकाळी सातच्या आतली लोणावळा लोकल पकडा. लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन मळवली, तिथे उतरायचं. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा. दोन-अडीच लिटर पाणी, घरची पोळीभाजी, टोपी आणि तळाची नक्षी झिजलेली नाही असे बूट हवेत. स्वेटर घाला, पण नऊनंतर तो पिशवीत जाणार आहे हे धरून चाला. मावळात पहाटे बोचरी थंडी असते, दुपारी मात्र ऊन चांगलंच लागतं.

लोकलमध्ये बसल्यावर एका माणसाला निरोप पाठवा: कुठे चाललो आहे, एकटाच आहे, सहापर्यंत मळवली स्टेशनवर पोहोचेन. सहाला निरोप आला नाही तर खरोखर फोन करेल असाच माणूस निवडा. गडावर सगळीकडे रेंज मिळत नाही, म्हणून हे आधीच करायचं.

मळवलीहून एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडला की भाजे गाव लागतं. इथे लेण्यांच्या पायऱ्या दिसतील. आत्ता चढू नका. का, ते पुढे येईल. रस्त्याने सरळ गायमुख खिंडीपर्यंत चढायचं, खिंडीत उजवीकडे वळायचं की लोहगडवाडी. रमतगमत दोन तास लागतात. रिक्षा मिळू शकते, पण सकाळची ही चाल चुकवू नये: कापणी झालेली भातखाचरं, गवताचे भारे, आणि वळणावळणाला मागे मोठा होत जाणारा विसापूरचा कडा. डावीकडची वाट त्याच विसापूरची. तिकडे पहिल्यांदा एकट्याने जाऊ नका. वाळलेल्या गवतात गुरांच्या इतक्या पायवाटा फुटतात की माहीतगार सोबत हवाच.

वाडीतून गडावर सरळ पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडत अर्ध्या-पाऊण तासात माथा येतो. हनुमान दरवाजापाशी थांबून खाली पाहा. तटाने घातलेली ती नागमोडी वळणं वरूनच नीट कळतात, आणि खालून चढणाऱ्या शत्रूचं काय होत असेल तेही. 1648 मध्ये शिवाजी महाराजांनी हा गड घेतला, 1665 च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि 1670 मध्ये परत आला. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. डिसेंबर हा शाळांच्या सहलींचा महिना, म्हणून त्यांच्या आधी माथ्यावर पोहोचायचा प्रयत्न करा. लक्ष्मी कोठी, महादेवाचं देऊळ आणि नाना फडणवीसांच्या काळातलं सोळा कोनी तळं शांतपणे पाहता येतं.

इथवर चुकण्यासारखं काही नाही. अवघड आहे ते परत फिरणं, आणि त्याबद्दल कुणी काही सांगत नाही.

सोबत कुणी असलं की कुणाला तरी भूक लागते, कुणाला गाडी गाठायची असते, आणि सगळे आपोआप उतरायला लागतात. एकट्याला “चला आता” म्हणणारं कुणी नसतं. त्यात लोहगडाच्या पश्चिमेला विंचूकाटा ही लांबलचक माची आहे. तिच्या टोकाला बसलं की समोर पवनेचं पाणी, तुंग आणि तिकोना हे गड. तिथून उठवत नाही. मलाही बराच काळ ते जमत नसे. “आणखी दहा मिनिटं” करता करता दीड वाजायचा, मग उतार घाईत व्हायचा, आणि घाईतला उतार हाच या सगळ्या दिवसातला खरा धोका आहे.

कारण हिवाळ्यात वाट कोरडी असते आणि कोरडी वाट सुरक्षित वाटते. तसं नाही. पावसाळ्यात सगळे जपून पाऊल टाकतात. जानेवारीत कातळावर बारीक मुरूम पसरलेला असतो, त्यावर वाळलेलं गवत, आणि बूट अलगद सरकतो. माथ्यावरून विंचूकाट्याकडे जाताना एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो, तिथे हा घसारा हमखास भेटतो. काठी आणि फोन आत ठेवा, दोन्ही हात मोकळे करा, लाज न बाळगता बसून किंवा कातळाकडे तोंड करून उतरा. तिथे मन कचरलं तर माचीवर जाऊच नका, माथ्याच्या कडेवरूनही ती पूर्ण दिसते. एकट्याचा पाय मुरगळला तर वाडीपर्यंत आधार द्यायला कामाच्या वारी कुणी असेलच असं नाही.

“सूर्यास्ताच्या आत उतरा” हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या सावलीतल्या वाटेवर उजेड त्याच्या बराच आधी मंदावतो. आणि सूर्यास्त ही काही निघायची वेळ नव्हे, ती सगळं संपलेलं असण्याची वेळ. माझा नियम एकच: साडेबाराला माचीवरून पाठ फिरवायची, टोक गाठलेलं असो वा नसो. सकाळीच फोनवर गजर लावून ठेवा.

नुसत्या गजराने मात्र माणूस उठत नाही. परतीच्या वाटेवर पाहण्यासारखं काहीतरी मुद्दाम राखून ठेवावं लागतं, म्हणून सकाळी भाजे सोडायला सांगितलं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची ही लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी ती सावलीत असतात, दुपारी तीननंतर ऊन थेट चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात शिरतं. छताच्या लाकडी कमानी तेव्हा नीट दिसतात. शेजारी स्तूपांचा एक पुंजका आहे, आणि दक्षिणेकडच्या विहारात रथावरचा सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र कोरलेला आहे. त्यासाठी तासभर तरी हवा. हे पुढे वाट पाहत असलं की विंचूकाट्यावरून उठणं सोपं जातं, हा माझा पक्का अनुभव आहे.

जेवण वाडीत मिळतं, पण कामाच्या वारी चूल तुमच्यासाठी पेटवावी लागते. पिठलं-भाकरी हवी असेल तर वर चढतानाच सांगून ठेवा. माकडं असतात, हातात पिशवी लोंबकळत ठेवू नका.

दुपारच्या लोकलसाठी धावू नका, त्या वेळी गाड्या विरळ असतात. साडेचारपर्यंत भाजे आटोपलं तर संध्याकाळची लोकल आरामात मिळते. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल घ्यावी, मळवली पुढचंच स्टेशन. त्यांना मात्र पहाटेचीच गाडी हवी. आठनंतर मुंबई सोडणार असाल तर गड राहू द्या आणि भाजे तेवढं निवांत पाहा.