थंड हवामानात रोपे वाफ्यात नेण्यापूर्वीची कीडसंरक्षणाची तयारी

थंड हवामानात रोपे सावकाश वाढतात आणि किडींचा धोका मुख्यतः त्यामुळेच वाढतो. उबदार मातीत भराभर नवी पाने फुटून जे रोप सावरले असते, तेच गार मातीत कितीतरी दिवस दोन-तीन पानांवर अडून राहते आणि त्या अवस्थेत किडीने एका रात्रीत केलेले नुकसानही त्याला भरून काढता येत नाही. त्यामुळे लावणीच्या किमान तीन आठवडे आधी तयारीला लागावे.

सर्वप्रथम वाफ्यातील तण आणि मागील पिकाचे अवशेष मुळासकट काढून वाफा उघडा ठेवावा. कुरतडणाऱ्या अळ्यांच्या काही जाती अळीच्याच रूपात मातीत हिवाळा काढतात आणि वसंतात तणावर जगतात. त्यांचे हे अन्न आधीच तोडणे सर्वांत उपयुक्त ठरते. माती उकरताना स्पर्श होताच अंगाचे वेटोळे करणारी, मातकट रंगाची गुबगुबीत अळी दिसल्यास ती वेचून नष्ट करावी. ही अळी रात्री रोपाचा देठ जमिनीलगत कापते आणि सकाळी हिरवेगार रोप आडवे पडलेले आढळते. यासाठी पुठ्ठ्याच्या सुमारे 8 सेंटिमीटर उंचीच्या नळ्या कापून ठेवाव्यात आणि लावणीच्या वेळी प्रत्येक रोपाभोवती एक नळी 2 ते 3 सेंटिमीटर मातीत रुतेल अशी बसवावी.

गोगलगायींसाठी वेगळी तयारी लागते, कारण ओल्या, गार रात्री त्यांना मानवतात. वाफ्याच्या कडेला लाकडी फळी पालथी ठेवून रोज सकाळी तिच्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचाव्यात, आणि आच्छादनाचा जाड थर रोपे मोठी होईपर्यंत टाळावा. पाणी संध्याकाळी न देता सकाळी द्यावे, म्हणजे रात्रीपर्यंत मातीचा पृष्ठभाग सुकतो. रोपांभोवती अंड्याच्या टरफलांचे कुंपण घालण्याचा उपाय सुचवला जातो, पण त्यावर विसंबू नये. गरज पडल्यास आयर्न फॉस्फेटचे (गोगलगायींना मारणाऱ्या आमिषाचे) दाणे वेष्टनावरील सूचनेनुसार विरळ टाकावेत.

कोबी, मुळा, मोहरी या वर्गातील रोपांसाठी क्रॉप कव्हरचे, म्हणजे पिकावर पसरण्याचे, पातळ कापड आणि ते पेलणाऱ्या कमानी आधीच जमवाव्यात. उड्या मारणारे बारीक भुंगेरे पानांना सुईने टोचल्यासारखी छिद्रे पाडतात, तर कोबीवरील माशी खोडाशी अंडी घालते. दोन्ही येण्यापूर्वी, म्हणजे लावणीच्याच दिवशी, कापड घालून त्याच्या सर्व कडा मातीने दाबाव्यात. मात्र मागील वर्षी त्याच वाफ्यात याच वर्गातील पीक असेल तर जागा बदलावी, अन्यथा मातीत सुप्त राहिलेली कीड कापडाखालीच बाहेर पडते आणि तिला आयते संरक्षण मिळते.

घरात वाढवलेल्या रोपांच्या पानांची मागची बाजू माव्यासाठी (पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीसाठी) तपासावी, आणि कुंडीतील मातीवर बारीक काळ्या माश्या उडत असल्यास वरचा थर सुकल्याशिवाय पाणी देऊ नये. त्यानंतर 7 ते 10 दिवस रोपे रोज थोडा अधिक वेळ बाहेर ठेवून काटक करावीत आणि शक्यतो जाड देठाची, चार-पाच खऱ्या पानांचीच (बी उगवताना आलेली पहिली पाने सोडून) रोपे लावणीसाठी निवडावीत. काही रोपे राखीव ठेवावीत. लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यात अळ्या आणि गोगलगायी वेचण्यासाठी रात्री बॅटरी घेऊन वाफ्यावर फेरी मारावी, आणि काकडी-भोपळ्यावर कापड घातले असल्यास फुले येताच ते काढावे, म्हणजे मधमाश्यांना परागीभवन करता येईल.