पुण्याच्या हवेत घरचा कोंबुचा

ज्याला दही लावता येतं त्याला कोंबुचा, म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं पेय, जमतो, कारण इथेही सगळा खेळ विरजणाचाच. लोक स्कोबीच्या मागे असतात, म्हणजे तो वर धरणारा सायीसारखा जाड थर, पण खरं विरजण म्हणजे आधीच्या बॅचचं आंबट पाणी, ते असेल तर थर आपोआप नवा धरतो.

एक लिटर पाणी उकळून गॅस बंद करा, दोन चमचे साधी चहा पावडर टाका (मसाला चहा नको), दहा मिनिटांनी गाळून 70 ग्रॅम साखर विरघळवा. साखरेत काटकसर करू नका, ती यीस्टचं खाणं आहे, यीस्ट तिचं अल्कोहोल आणि गॅस करतं आणि बॅक्टेरिया त्या अल्कोहोलचं अ‍ॅसिड. थोडं अल्कोहोल शेवटी उरतंच, म्हणून लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नका.

चहा पूर्ण गार झाला की काचेच्या बरणीत ओता, 100 मिली जुना कोंबुचा आणि स्कोबी घाला, तोंडाला पंचाचा दुहेरी तुकडा रबरबँडने बांधा. हवा लागतेच, पण विरळ कापडातून चिलटं शिरतात, आंब्याच्या दिवसांत तर हमखास.

किती दिवस? कुठेही सात ते दहा सांगतात, पण पुण्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा माझा पाचव्या दिवशीच तयार असतो आणि डिसेंबरच्या थंडीत दोन आठवडे सहज जातात, म्हणून कॅलेंडर सोडा आणि चौथ्या दिवसापासून रोज चमचाभर चाखा. तपकिरी दोरे लोंबले तर घाबरू नका, ते यीस्ट. वर कोरडी, लोकरीसारखी बुरशी दिसली तर मात्र स्कोबीसकट सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं वाचवायचं नाही.

प्रयोग करायचे तर दोन बरण्या शेजारी ठेवा आणि एकच गोष्ट बदला, एकीत काळा चहा, दुसरीत ग्रीन टी, बाकी सगळं तेच, नाहीतर चव कशाने बदलली ते कळतच नाही.

फळ घालायचं ते बाटलीत भरताना. अर्ध्या लिटरला दोन-तीन चमचे जांभळाचा गर, किंवा पुरंदरचं एखादं पिकलेलं अंजीर आणि आल्याचा तुकडा, झाकण लावून दोन दिवस बाहेर आणि मग फ्रिज. बाटली जाड, गॅसचं प्रेशर झेलणारी घ्या, माझी साधी चौकोनी बाटली ओट्यावर फुटली होती. उन्हाळ्यात रोज झाकण सैल करून गॅस सोडा. आणि फळ पडायच्या आधी पुढच्या वेळचं 100 मिली विरजण बाजूला काढायला विसरू नका.