सांडपाणी आणि खाणीचं पाणी, दोन्हीपासून गावची विहीर कशी वाचवायची (चंद्रपूरकडच्या गावांसाठी)

चंद्रपूर, घुग्घुस, भद्रावती, राजुरा या पट्ट्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, एका बाजूनी वस्तीचं सांडपाणी, दुसऱ्या बाजूनी कोळसा खाणीचं पाणी आणि मधात आपल्या झरपट, इरई, वर्धा या नद्या. पावसाळा लागला की दरवर्षी ग्रुपवर तेच सुरू होते, नळाला काळं पाणी येतंय, पोरांना हगवण लागली, काय करायचं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय, गावात पाठवा.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की या दोन घाणी वेगळ्या आहेत आणि एकीचा इलाज दुसरीवर चालत नाही. सांडपाण्यातून जंतू येतात, म्हणजे कॉलरा, टायफॉईड, कावीळ, हगवण, आणि ते टीसीएलनी (म्हणजे ब्लीचिंग पावडरनी) किंवा उकळल्यानी मरतात. खाणीकडून येतो कोळशाचा बारीक गाळ, क्षार, सल्फेट, लोह, मँगनीज. यातलं काहीच टीसीएलनी मरत नाही, आणि पाणी उकळलं तर पाणी आटते पण क्षार तेवढेच राहतात, म्हणजे प्रमाण उलट वाढते. उकळलं म्हणजे झालं असं समजून किती घरं निर्धास्त बसली आहेत, मला याचीच जास्त काळजी वाटते.

ओळखायचं कसं? एक काचेची पारदर्शक बाटली घ्या, पाणी भरा, झाकण सैल ठेवून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी काळा थर दिसला तर कोळशाची भुकटी असण्याची शक्यता जास्त. बोअरचं पाणी भरताना स्वच्छ होतं आणि सकाळी तांबूस झालं तर लोह, हवा लागली की ते गंजासारखं खाली बसते. अजून एक सोपं, कोऱ्या चहात ते पाणी टाका, लोह जास्त असेल तर चहा शाईसारखा काळा पडतो. जंतूंसाठी एच टू एस व्हायल नावाची तपासणीची छोटी बाटली मिळते, खुणेपर्यंत पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायची, काळी झाली की मैला मिसळतोय असं समजा आणि रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी पाणी उकळायला लागा. ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनचं फील्ड टेस्ट किट असायला पाहिजे, कपाटात पडून असेल तर एक्सपायरी बघून बाहेर काढा. आणि एक टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं मीटर घेऊन ठेवा, काहीशे रुपयांत येते. पिण्याच्या पाण्याचं मानक आहे आयएस १०५००, त्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा सोर्सच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते) साडेसहा ते साडेआठ. फ्लोराईड मात्र दिसत पण नाही आणि चव पण लागत नाही, आपल्या जिल्ह्यात बऱ्याच गावांच्या भूजलात ते आहे, ते लॅबमध्येच तपासावं लागते.

आता टीसीएल. बऱ्याच ठिकाणी जलसुरक्षक (गावचं पाणी शुद्ध ठेवायचं काम पाहणारा) पिशवी फोडून भुकटी तशीच विहिरीत फेकतो, हे चूक आहे, त्यातला चुना तळाशी जाऊन बसतो आणि पाणी काही नीट शुद्ध होत नाही. आधी विहिरीत पाणी किती ते काढा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) गुणिले ७८५, आले लिटर. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असेल तर ३७,६८० लिटर. हजार लिटरला चांगल्या टीसीएलचे अडीच ग्रॅम कमीत कमी, पावसाळ्यात पाणी गढूळ असते तेव्हा दुप्पट धरा, म्हणजे या विहिरीला साधारण शंभर ते दोनशे ग्रॅम. तोंडाला कापड बांधून प्लास्टिकच्या बादलीत आधी पेस्ट करा, मग पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता आणि ती बादली दोरानी पाण्यात सोडून वर-खाली हलवा. चुन्याचा साका फेकून द्या. तासाभरानी ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन बघायची तपासणी) करा, पिवळा रंग आला पाहिजे, शेवटच्या नळावर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन राहिलं पाहिजे. पिवळं आलंच नाही तर पावडर जुनी झाली असेल. उघडी पोती ओलीत ठेवली की क्लोरीन उडून जाते आणि मग आपण नुसता चुना टाकत बसतो.

पण रोज टीसीएल टाकूनही घाण येतच असेल तर ती येते कुठून ते शोधा. संडासाचा खड्डा विहिरीपासून ५० फूट तरी लांब पाहिजे. सेप्टिक टँकचा पाईप सरळ नालीत सोडलेला असतो, त्याला शोषखड्डा करून घ्या, आणि टँक उपसणारी गाडी कुठे रिकामी होते तेही बघा, रात्री नाल्यात रिकामी होत असेल तर सगळी मेहनत वाया. विहिरीचा ओटा फुटलेला, पाईपलाईन नालीतून गेलेली, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचलेलं, बहुतेक वेळा कारण इथेच सापडते. शहराचं सांडपाणी मात्र एकट्या गावाला थांबवता येत नाही, तिथे मागे लागावंच लागते. चंद्रपूरच्या रामाळा तलावासाठी २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरेंना उपोषणाला बसावं लागलं तेव्हा प्रशासन हललं.

खाणीकडे वळू. इथे घरच्या घरी इलाज जवळजवळ नाही, इथे नोंद आणि कागद हाच इलाज आहे. पाणी दोन वाटांनी येते, एक खाणीत साचलेलं पंपानी उपसून नाल्यात सोडतात ते, आणि दुसरं ओबीच्या (कोळशावरची माती-दगड काढून रचलेल्या) डोंगरांवरून पावसात वाहून येते ते. डोंगराच्या पायथ्याशी भिंत, भोवती गारलँड ड्रेन (पाणी अडवून नेणारी नाली) आणि गाळ बसायला सेटलिंग पॉन्ड, या अटी पर्यावरण मंजुरीत बहुतेक असतातच, आणि पावसाळ्याआधी त्यातला गाळ काढायचा असतो. म्हणून मे महिन्यातच जाऊन बघा. ड्रेन मातीनी भरलेली दिसली तर तारखेचा फोटो काढून तेव्हाच खाण व्यवस्थापनाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाला पत्र द्या, जूनमध्ये नाला काळा झाल्यावर दिलेल्या पत्रापेक्षा हे पत्र कामाचं असते कारण अजून काही करता येते.

मग पहिला मोठा पाऊस पडला की तीन ठिकाणचं पाणी तपासा: खाणीचं पाणी नाल्याला येऊन मिळते त्याच्या वर, मिळते तिथे, आणि खाली. तिन्हीचा टीडीएस आणि पीएच वहीत लिहा, वेळ लिहा, फोटो काढा. नुसतं खालचं पाणी खराब आहे म्हटलं की समोरचा म्हणतो ते वरूनच तसं येतंय, वरचा आकडा असला की हे बोलता येत नाही. कोळसा खाणीतून सोडलेल्या पाण्यात तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि पीएच ५.५ ते ९ मध्ये पाहिजे, असा नियम आहे. लॅबसाठी स्वच्छ कॅन त्याच पाण्यानी तीनदा खंगाळून भरा, जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली लॅबकडूनच घ्या आणि बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर पोचवा.

आपला रिपोर्ट आपल्याला दिशा दाखवायला ठीक, पण कोर्टात जोर असतो तो १९७४ च्या जल कायद्याखाली मंडळाच्या अधिकाऱ्यानी रीतसर घेतलेल्या नमुन्याला. म्हणून तक्रारीत "कारवाई करा" एवढंच लिहू नका, "अमुक ठिकाणी येऊन नमुना घ्या" असं लिहा, जागा, तारीख, वहीतले आकडे जोडा, सोबत ग्रामसभेचा ठराव लावा आणि पोच घ्या. मंडळानी खाणीला दिलेलं संमतीपत्र आणि मागचे तपासणी अहवाल माहिती अधिकारात दहा रुपयांत मागता येतात. मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल खाणीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, तो मागवून आपल्या फोटोंच्या बाजूला ठेवून वाचा.

तोपर्यंत पिण्याचं काय, तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या (खाणबाधित भागासाठी असलेल्या) निधीत पिण्याचं पाणी हा प्राधान्याचा विषय आहे, खाणबाधित गाव म्हणून पर्यायी सोर्स किंवा आरओ प्लांट मागा, फक्त आरओचं फेकलेलं खारं पाणी परत विहिरीकडे जाणार नाही हे बघा. आणि मंडळानी काहीच केलं नाही तर पुण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ आहे, भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १००० रुपये, वकिलाशिवायही जाता येते. मुदत मात्र वाद पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिन्यांची, योग्य कारण दाखवलं तर वरती ६० दिवस, म्हणून वहीतल्या पहिल्या नोंदीची तारीख स्पष्ट लिहा आणि पोच घेतलेल्या पत्रांची एक झेरॉक्स फाईल ग्रामपंचायतीत आणि एक कोणाच्या तरी घरी ठेवा.