लेझरने कोरलेली ओवी

बडोद्यात दांडिया बाजारच्या घरी आजीच्या ओव्यांची कॅसेट सापडली. ती ग्रामोफोनच्या तबकडीवर आणायचीच, असं ठरवलं. ॲक्रिलिकवर लेझरने खाच कोरली, पण पिनखाली नुसती खरखर! नेहमीच्या विनाइल तबकडीवरची खाच जेमतेम ०.०५ मिमी रुंद. लेझरची रेघ त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड, त्यामुळे आवाजाची बारीक थरथर रेघेतच बुडून जाते. मग मिनिटाला ३३ ऐवजी ७८ फेऱ्यांचा वेग धरला, म्हणजे आवाजाची तीच लाट खाचेत लांब पसरते. वरचे सूर गाळले, आवाज वाढवला, खाचांत अर्धा मिलिमीटर अंतर ठेवलं. आतले फेरे लहान, तिथे पिनखालून खाच हळू सरकते, म्हणून फक्त बाहेरचे ७० फेरे वापरले. मिळाले ५४ सेकंद. खरखर अजून आहेच. पण आजीचा आवाज आईने पहिल्या ओळीतच ओळखला, आणि म्हणाली, "परत लाव."