पैशांमागे धावताना रुपये गळू देऊ नका: गाडीत पेट्रोल भरताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दर उन्हाळ्यात एक संदेश न चुकता फिरतो. पेट्रोल पहाटे भरा, कारण तेव्हा ते थंड आणि दाट असते. आणि शंभर-पाचशे असा गोल आकडा न सांगता ११० किंवा ५१५ रुपयांचे भरा, कारण गोल आकड्यांवर यंत्रात ‘सेटिंग’ केलेली असते, असा त्याचा आशय असतो. हा संदेश पाठवणारे आमचे शेजारी स्वतः मात्र चारही चाकांत हवा कमी असलेली गाडी वर्षभर चालवतात, आणि ती ॲव्हरेज किती देते असे विचारले तर ‘पंधरा-सोळा देत असेल’ याच्यापुढे त्यांचे उत्तर जात नाही.

हिशेब सोपा जावा म्हणून महिन्याला १,००० किलोमीटर चालणारी आणि लिटरला १५ किलोमीटर जाणारी एक गाडी धरू, आणि पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये मानू. या गाडीला वर्षाला ८०० लिटर पेट्रोल लागते, म्हणजे ८०,००० रुपये. पुढे येणारी प्रत्येक चूक या रकमेशी ताडून पाहिली, की कोणत्या चुकीची काळजी करायची आणि कोणती सोडून द्यायची हे आपोआप ठरते.

पहाटेच्या पेट्रोलपासूनच सुरुवात करू. तापल्यावर पेट्रोल प्रसरण पावते हे खरे आहे, आणि ते प्रमाण एका अंशाला सुमारे हजारात एक भाग एवढे असते. मात्र पंपाची टाकी जमिनीखाली असल्यामुळे तिथले तापमान दिवसभरात फारसे हलत नाही. तरीही पहाट आणि दुपार यांत उदारपणे दोन अंशांचा फरक धरला, आणि वर्षभर एकही दिवस न चुकता पहाटे उठून पेट्रोल भरले, तरी वाचते ते जेमतेम दीड लिटर, म्हणजे दीडशे रुपये. ज्यांना पहाटे उठण्याची आवड आहे त्यांनी अवश्य उठावे, पण पेट्रोलसाठी नव्हे.

११० रुपयांच्या युक्तीचा हिशेब तर शून्यावरच येतो. पंपाचे यंत्र मुळात लिटर मोजते. प्रवाहाच्या मापावरून त्यातला ‘पल्सर’ नावाचा भाग विजेचे स्पंद तयार करतो आणि त्या स्पंदांवरून लिटर व रुपये पडद्यावर उमटतात. २०१७ साली आधी लखनौत आणि नंतर ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातल्या पंपांवर छापे टाकले, तेव्हा जी लबाडी उघडकीस आली ती पल्सरमधल्या आणि चिपमधल्या फेरफाराचीच होती. अशा यंत्राने काटा मारायचा ठरवला, की तो ५०० रुपयांवर बसतो तसाच ५१५ रुपयांवरही बसतो.

मापाची शंका असेल तर तिच्यावर खात्रीचा उपाय आहे, आणि गंमत म्हणजे तोच सहसा कोणी वापरत नाही. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाची, म्हणजे वजन-मापे तपासणाऱ्या सरकारी खात्याची, मोहोर असलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते, आणि ग्राहकाने मागणी केली तर त्याच्यासमोर त्यात पेट्रोल ओतून दाखवावे लागते. पाच लिटरमागे २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्याहून कमी भरले तर तक्रार करता येते. माप मागताना पेट्रोल भरणाऱ्या मुलाशी हुज्जत घालू नये, थेट व्यवस्थापकाकडे जाऊन शांतपणे मागावे, आणि त्यावरची मोहोर व वर्ष आधी वाचून घ्यावे. शुद्धतेची शंका असेल तर गाळणकागद मागावा. नोझलचे तोंड पुसून त्या कागदावर पेट्रोलचा एक थेंब टाकला, की चांगले पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जाते आणि तेलकट डाग मागे राहत नाही. यंत्रावर लिहिलेल्या घनतेबद्दलही एक गैरसमज आहे, तो असा की आकडा जेवढा मोठा तेवढे पेट्रोल चांगले. आपल्याकडच्या मानकानुसार १५ अंश तापमानाला पेट्रोलची घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलो यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. त्यामुळे घनता जास्त की कमी हे पाहण्यात अर्थ नाही. टँकरसोबत आलेल्या कागदावरच्या आकड्याशी ती जुळते का एवढेच पाहायचे असते, आणि तीनपेक्षा अधिक तफावत असेल तरच संशय घ्यायचा असतो.

मीटरकडे पाठ फिरवणे

यंत्रातल्या लबाडीपेक्षा नजर हटल्यामुळे होणारे नुकसान कितीतरी अधिक सामान्य आहे, आणि त्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. महामार्गावरच्या एका पंपावर मी गाडीतच बसून २,००० रुपयांचे पेट्रोल सांगितले. मुलाने ‘झीरो बघा साहेब’ म्हटले, मी पाहिले, आणि त्याने नोझल लावला. ५०० रुपयांवर यंत्र थांबले. ‘अरे, दोन हजार ना? चुकून पाचशेच टाकलं,’ असे तो म्हणाला, आणि त्याच वेळी दुसरा मुलगा काच पुसत पुढे आला व ‘कार्ड की यूपीआय?’ असे विचारू लागला. मी पाकीट काढेपर्यंत यंत्र पुन्हा सुरू झाले होते. मी पाहिले तेव्हा पडद्यावर १,१०० चा आकडा पळत होता आणि शेवटी तो १,५०० वर थांबला. आधीचे ५०० आणि हे १,५०० मिळून २,००० झाले, असे मला सांगण्यात आले. मधे यंत्र शून्यावर आले होते, की ते ५०० पासूनच पुढे धावले होते, हे मी पाहिलेच नव्हते. पावती मागितली तर ‘प्रिंटर बंद आहे’ असे उत्तर आले. टाकीचा काटा जिथे थांबला होता त्यावरून मला जे समजायचे ते समजले, पण सिद्ध करण्यासारखे हातात काहीच नव्हते.

तेव्हापासून मी चार गोष्टी कटाक्षाने पाळतो. गाडीतून उतरून यंत्रासमोर उभा राहतो. पैसे देण्याविषयीच्या कोणत्याही प्रश्नाला नोझल बाहेर येईपर्यंत उत्तर देत नाही. मधे यंत्र थांबलेच तर तो व्यवहार तिथेच संपवून त्याची पावती घेतो आणि उरलेले पेट्रोल नव्या शून्यापासून भरायला सांगतो. आणि पावतीवरचे लिटर, दर व रक्कम तिथेच वाचतो. एका फटक्यात ५०० रुपये जाणे म्हणजे पहाटेच्या पेट्रोलची तीन वर्षांहून अधिक बचत एका मिनिटात उडून जाणे.

‘प्रीमियम टाकू का?’ या प्रश्नाला मान डोलावणे

या प्रश्नाचा सूर असा असतो की ‘नको’ म्हणणारा माणूस स्वतःच्या गाडीचा वैरी ठरावा. काही ठिकाणी तर प्रश्नही विचारला जात नाही, गाडीच प्रीमियमच्या यंत्राजवळ उभी करवली जाते. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक आपल्याकडे अनेक वर्षे ९१ धरला जात होता, तर एक्सपी ९५ किंवा पॉवर ९५ या प्रीमियम पेट्रोलांचा, नावातच म्हटल्याप्रमाणे, ९५ असतो. हा अंक पेट्रोलमधली ताकद दाखवत नाही; दाबाखाली ते वेळेआधी पेट न घेता किती तग धरते, हे दाखवतो. ज्या इंजिनाची रचना ९१ साठी केलेली आहे, त्याला ९५ पाजून सहसा काही हाती लागत नाही. काही टर्बो आणि उच्च संपीडनाच्या, म्हणजे इंधन-हवेचे मिश्रण जास्त दाबणाऱ्या, इंजिनांना अधिक ऑक्टेनची खरोखर गरज असते, पण ते गाडीच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेले असते. लिटरमागे आठ रुपये जास्त मोजले असे धरले तर आपल्या नमुन्याच्या गाडीला वर्षाला ६,४०० रुपये विनाकारण पडतात. माझ्या मते या लेखातली सर्वांत महागडी चूक हीच आहे, कारण ती करताना आपण गाडीची काळजी घेत आहोत असे वाटते.

कुठे भरायचे याचा उलटा हिशेब

पेट्रोलवर वस्तू व सेवा कर नाही. केंद्राचे उत्पादन शुल्क आणि त्यावर प्रत्येक राज्याचा स्वतःचा मूल्यवर्धित कर लागतो. त्यामुळे एका शहरातल्या सरकारी कंपन्यांच्या पंपांमध्ये काही पैशांचा फरक असतो, पण राज्याची हद्द ओलांडली की तो लिटरमागे काही रुपयांचा होतो. पुष्कळ लोक नेमके पैशांच्या फरकासाठी गाव पालथे घालतात आणि रुपयांचा फरक रस्त्यावर सोडून देतात. ३० पैशांनी स्वस्त पंपासाठी जाऊन-येऊन चार किलोमीटर गाडी फिरवली, तर ३० लिटरवर वाचतात नऊ रुपये आणि जळते सुमारे सत्तावीस रुपयांचे पेट्रोल. उलट गोव्याहून सिंधुदुर्गाकडे परतताना पत्रादेवीची हद्द ओलांडण्यापूर्वी टाकी भरून घेणे, किंवा मुंबईहून गुजरातेत जाताना हद्दीपलीकडच्या भिलाडपर्यंत पुरेल एवढेच भरून उरलेले तिथे भरणे, हे शहाणपणाचे आहे, कारण तिकडचा दर आपल्यापेक्षा बराच कमी असतो. नागपूरहून मध्य प्रदेशात किंवा नांदेडहून तेलंगणात जाणाऱ्याने मात्र उलट करावे आणि टाकी आपल्याच हद्दीत भरून निघावे. राज्याच्या आतही वाहतूक खर्चामुळे दर बदलतो. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधनसाठ्यापासून दूर असलेले परभणी महाग पेट्रोलसाठी वारंवार बातम्यांत आले आहे. १६ जून २०१७ पासून दर रोज बदलण्याची पद्धत देशभर लागू आहे, तेव्हा निघण्यापूर्वी कंपनीच्या ॲपवर दोन्हीकडचे दर पाहून घ्यावेत, कारण राज्यांचे करही बदलत असतात.

कार्डाबद्दल थोडक्यात सांगतो. क्रेडिट कार्डावर बहुधा एक टक्का इंधन अधिभार लागतो आणि तो ठरावीक रकमेच्या व्यवहारांवरच माफ होतो. त्यावरचा जीएसटी सहसा परत मिळत नाही. दोन-दोनशे रुपयांचे पेट्रोल कार्डावर भरत राहणारा माणूस माफीच्या मर्यादेखालीच राहतो आणि वर्षाला आठशे रुपये आणि वर त्यावरचा जीएसटी घालवू शकतो. यूपीआयने दिले की हा प्रश्नच उरत नाही.

ॲव्हरेज न मोजता पंपाला दोष देणे

पडद्यावरचे ॲव्हरेज हा गाडीचा अंदाज असतो. खरे मोजायचे तर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरची नोंद करावी, तीन-चारशे किलोमीटर गाडी चालवावी आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा आपोआप बंद होईपर्यंत भरावे. चाललेल्या किलोमीटरना दुसऱ्या वेळी गेलेल्या लिटरनी भागले की उत्तर मिळते. अशा तीन मोजण्यांची सरासरी काढल्याशिवाय कोणावरही संशय घेऊ नये. आपोआप बंद झाल्यावर ‘अजून थोडं बसेल’ म्हणून नोझल हलवत पुढचा गोल आकडा गाठण्याची आपल्याकडे फार सवय आहे, पण ते जास्तीचे पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डबीत शिरून ती खराब करू शकते.

ॲव्हरेज खरोखर घसरले असेल तर सर्वप्रथम चाकांतली हवा पाहावी. दाब किती हवा ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते, आणि पंपावर हवा फुकट भरून मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. त्यानंतर इथेनॉलचा विचार करावा. आता देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या रचनेच्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी, तर या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांचे एक ते दोन टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज दिला होता. म्हणजे १५ देणारी जुनी गाडी १४ देऊ लागली, तर त्यात पंपवाल्याचे मापात पाप असेलच असे नाही. ‘प्रीमियम’ म्हणजे इथेनॉलविरहित, असाही अर्थ होत नाही.

भरल्यावर लगेच गाडी अडखळली तर

इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण फार वाढले की ते पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. पावसाळ्यात पंपाच्या टाकीत पाणी शिरले असेल तर नेमके हेच घडते: पेट्रोल भरून बाहेर पडलेली गाडी एक-दोन किलोमीटरमध्ये धक्के खाते आणि बंद पडते. इथे सर्वांत मोठी चूक म्हणजे चावी फिरवत राहणे, कारण प्रत्येक वेळी ते पाणी आणखी पुढे, इंधनपंप आणि इंजेक्टरपर्यंत ओढले जाते. डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरले गेले तरी हाच नियम लागू होतो, आणि हा घोटाळा उलट्या घोटाळ्यापेक्षा अधिक वेळा होतो, कारण पेट्रोलचा बारीक नोझल डिझेलच्या रुंद तोंडात सहज शिरतो. चूक पंपावरच लक्षात आली तर इग्निशनही चालू न करता गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करवून घ्यावी.

पाण्याचा संशय असेल तर मेकॅनिकला टाकीतले पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढायला सांगावे. तळाशी वेगळा थर दिसला की शंका फिटते. त्यानंतर पंपावर जाऊन तक्रारवहीत वेळ, यंत्राचा क्रमांक आणि लिटर यांसह नोंद करावी, त्याच सुमारास भरलेल्या इतर गाड्या बंद पडल्या आहेत का याची चौकशी करावी, आणि दाद मिळाली नाही तर कंपनीच्या विभागीय कार्यालयाकडे व राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार द्यावी. या सगळ्यासाठी पावती लागते, आणि थर्मल कागदावरची अक्षरे डॅशबोर्डवरच्या उन्हात बघता बघता पुसट होतात, म्हणून तिचा फोटो पंपावरच काढून ठेवावा.