हंगामच नव्हता, तर झाडाचा काय गुन्हा?

पहिल्यांदा संडेस्कूल घ्यायला उभी राहिले तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली पंधरा-सोळा पोरं, एकच पंखा आणि पाळकसाहेबांनी दिलेला बायबलचा पाठ: २ राजे, अध्याय २. संदेष्टा एलीया वावटळीतून वर जातो, त्याचा शिष्य अलीशा त्याचा झगा उचलतो, यरीहोचं खराब पाणी मीठ टाकून गोड करतो. सगळं छान चाललं होतं. अध्याय पुरा करायचा म्हणून शेवटची वचनंही वाचली: बेथेलच्या वाटेवर पोरं अलीशाला 'टकल्या' म्हणून चिडवतात, तो शाप देतो आणि रानातून अस्वलं येतात. तेवढ्यात सातवीतल्या एका पोराचा हात वर गेला. "टीचर, नुसतं टकल्या म्हटलं म्हणून अस्वलांनी ४२ पोरं फाडली?"

मोठ्यांची टिंगल करू नये, असं काहीतरी मी बोलले. पोरगं खाली बसलं. त्याला पटलं नव्हतं, आणि मलाही.

तुम्ही नव्याने वर्ग किंवा घरसभा घेणार असाल, तर पुढे मी काय चूक केली ते आधी ऐका. मी उत्तरं गोळा करत सुटले. बेथेल म्हणजे यराबाम राजाने पूजेला सोन्याचं वासरू बसवलेलं गाव. 'नअर' हा इब्री शब्द तरुण चाकरांनाही लागतो, म्हणजे ती लेकरं नव्हती, टवाळांची टोळी होती. हे उत्तर मी तीन-चार वर्षं झोकात दिलं. मग पत्राद्वारे बायबलचा कोर्स करताना कळलं की त्या वचनात 'नअर'च्या शेजारीच 'लहान' असा शब्द आहे. माझी माहिती खोटी नव्हती. मी ती पोराचं तोंड बंद करायला वापरत होते.

तेव्हापासून शंभर पानी वही ठेवते. डाव्या पानावर प्रश्न, विचारणाऱ्याच्याच शब्दांत. उजवं पान कोरं, मिळेल तसं भरायचं. "मला माहीत नाही" हे वर्गात मोठ्याने म्हणायची सवय लावा. पहिल्या दोन-तीन वेळा घसा कोरडा पडतो, मग जमतं. अवघड उतारा एकाच भाषांतरात वाचू नका. बायबल सोसायटीचं घरोघरी असतंच, शेजारी पंडिता रमाबाईंचं ठेवा. बाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून केडगावला अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, छापील ग्रंथ १९२४ साली आला. दोन भाषांतरं जिथे वेगळी बोलतात तिथे खाली मुळात काहीतरी अडलेलं असतं. तळटीपाही वाचा. मार्काच्या शुभवर्तमानातल्या सोळाव्या, शेवटच्या अध्यायातली ९ ते २० ही वचनं सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, हे मला पंचविशीनंतर कळलं. तिथे शुभवर्तमान येशूच्या रिकाम्या कबरेपासून भिऊन पळालेल्या बायकांवरच थांबतं.

आणि तुमच्यासारखं न जगलेल्या माणसांबरोबर वाचा. अमळनेरला एका घरसभेत मार्क ११ घेतला होता. येशूला भूक लागते, अंजिराला नुसती पानं असतात, तो झाडाला शाप देतो. आणि मार्क स्वतःच सांगतो की तो अंजिराचा हंगाम नव्हता. जन्म शेतात गेलेली एक मावशी लगेच म्हणाली, "हंगामच नही व्हता, मंग झाडना काय गुन्हा शे?" मी टीकाग्रंथ चाळून आले होते, तरी हा प्रश्न इतका सरळ मला पडला नव्हता. मार्काने ही गोष्ट मधोमध चिरली आहे: आधी झाड, मग मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथणं, मग वाळलेलं झाड. म्हणजे बोट मंदिराकडे आहे, असं मी समजावलं. "ते ठीक," मावशी म्हणाली, "पन झाड तं वाळनंच ना." उजव्या पानावर दोन्ही लिहून ठेवलंय.

नवापूरकडच्या मंडळीत मार्क ७ वाचताना उलटं झालं. मुलांची भाकर कुत्र्यांना घालणं बरं नव्हे, असं येशू लेकीला बरं कर म्हणून आलेल्या एका परक्या बाईला म्हणतो. मूळ ग्रीक शब्द 'छोटी कुत्री' असा आहे, असं मी मऊ करायला गेले. मागे बसलेली एक भिल्ल मुलगी म्हणाली, "ताई, छोटी म्हटलं तरी कुत्रीच." पण तिलाच ती बाई सर्वांत आवडली होती. वादात येशूला शब्दात पकडते, आणि तो तिच्या बोलण्यासाठीच लेक बरी झाल्याचं सांगतो. या उताऱ्यावर मी आता फार बोलत नाही, त्या मुलीसारख्यांना बोलू देते.

सर्वांत जड गेलं ते शास्ते ११. जिंकून आलो तर दारातून पहिलं जे सामोरं येईल ते होमबली देईन, म्हणजे देवाला जाळून अर्पण करीन, असा इफ्ताह हा सेनापती नवस करतो, आणि सामोरी येते एकुलती लेक, डफ वाजवत, नाचत. आपल्या मराठीत शब्दच 'नवस' आहे. खान्देशात नवस न फेडण्याची धास्ती कुणाला शिकवावी लागत नाही, म्हणून महिला सभेत इफ्ताहाची कोंडी बायकांना माझ्याआधी समजली. लेवीय २७ मध्ये नवस केलेल्या माणसाचं मोल रुप्यात ठरवून दिलंय, पाच ते वीस वर्षांच्या मुलीला दहा शेकेल. मग त्याने ते का भरलं नाही? काही जुने ज्यू भाष्यकार म्हणतात की तिला मारलंच नाही, आयुष्यभर कुमारी ठेवलं. नवसातलं एक इब्री अक्षर 'आणि'ऐवजी 'किंवा' असंही वाचता येतं. मला तसं वाचायला फार आवडलं असतं. पण बापाने नवसाप्रमाणे केलं, एवढंच वचन सांगतं. अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघाला तेव्हा त्याला थांबवणारा आवाज आला, तो इथे येत नाही.

एका आजींनी विचारलं, पोरीचं नाव काय? नाव दिलेलं नाही. इस्राएलाच्या मुली दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी जात, एवढं आहे. कुणी बोललं नाही; चहा गार झाला.

पुढे नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात, ११:३२ मध्ये, विश्वासवीरांच्या यादीत इफ्ताहाचं नाव येतं. वहीत त्या वचनासमोरचं उजवं पान अजून कोरं आहे.